चाकांवरची खोली

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराने १९६० साली एक मजेदार गाडी करवून घेतली. मालमोटारीच्या पाठीवर छोटी खोली. तीत बिछाना, चूल, टेबल. नाव ठेवले रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे! वय अठ्ठावन्न, नुकतेच मोठे दुखणे होऊन गेलेले. पण जिवाला जपत घरी बसणे त्याला मानवेना. ज्या देशावर आपण लिहितो तो पंचवीस वर्षांत नीट पाहिलाच नाही, ही टोचणी होती.

सोबतीला फक्त चार्ली नावाचा म्हातारा कुत्रा. निघण्याआधीच 'डोना' वादळ येऊन थडकले. कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला नाही, म्हणून कॅनडातून जायचा बेत सोडावा लागला. ऑरेगॉनात भर पावसात, तेही रविवारी, टायर फुटला. टेक्सासात चार्लीच आजारी पडला.

पण हे सारे निभावले. खरी ठेच लागली ती मॉन्टेरेला. जुना मित्र गुत्त्यात गळ घालतो, परत ये बाबा! आणि हा एकेका मेलेल्या सोबत्याचे नाव घेत सुटतो. मला विचाराल तर १९६२ च्या त्या प्रवासवर्णनातली हीच पाने उत्तम.

पुढे एका पत्रकाराने २०१० साली तोच मार्ग धुंडाळला, तेव्हा निघाले काय, की स्वारीच्या बऱ्याच रात्री हॉटेलांत गेल्या होत्या, आणि कित्येक दिवस पत्नीही बरोबर होती. असेना का! हजारो मैल हिंडून हा गृहस्थ परतला आणि स्वतःच्याच न्यूयॉर्कात वाट चुकला. शेवटी पोलिसाला तसे सांगावे लागले.