हायड्रॉलिक प्रेस : स्वस्त, पण सुरक्षित

ट्रॅक्टरचे घट्ट बसलेले बेअरिंग घणाने ठोकले की बहुधा निकामी होते. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये पेटंट घेतलेले हायड्रॉलिक प्रेस हे यंत्र तेच काम बिनआवाज करते. पोलादी चौकट आणि २० टनी जॅक एवढेच त्याचे भांडवल.

परंतु स्वस्त यंत्रासोबत पुष्कळदा बिडाचे ठोकळे येतात. बीड वाकून इशारा देत नाही. ते एकाएकी फुटते आणि तुकडे कारागिराच्या तोंडावर उडतात. म्हणून प्रथम जाड पोलादी ठोकळे घ्यावेत, रंगरंगोटी मागाहून! चौकट जमिनीस बोल्टने आवळावी. दाब हाताला कळत नाही, यास्तव दाबमापक बसवावा. वस्तू तिरपी राहिल्यास गोळीसारखी सुटते. शालेय कार्यशाळेसाठी खरेदी करताना ठोकळे, संरक्षक जाळी व चष्मे यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी.