धावपटू अविनाश साबळे यांची कारकीर्द
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. परीक्षेतील गुणांविषयी बोलण्यास मजहून अधिकारी माणसे येथे बसली आहेत. म्हणून मी आपल्या बीड जिल्ह्यातील एका धावपटूविषयी बोलणार आहे. ते आपल्या ज्ञातीचे की काय, अशी कुजबूज मागे चालली आहे. ती कृपया थांबवावी. आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव, एवढे मला पुरे आहे.

अविनाश साबळे यांचा जन्म १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. वाहन नाही, तेव्हा मुलगा चालत-धावत जाई. ही कथा आता सर्वतोमुखी झाली असून, दारिद्र्यानेच हा धावपटू घडविला असे तिचे तात्पर्य काढले जाते. मला ते मुळीच मान्य नाही. तसे असते तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी पदके टांगलेली दिसली असती. ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांत बसलेली पोरे काय कमी चालतात?

बारावीनंतर साबळे महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत भरती झाले. सियाचेनचे हिम, राजस्थानची वाळू, सिक्कीमचे डोंगर अशी नोकरी करून २०१५ मध्ये ते लष्करातील क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरले, तेव्हा वयाची विशी उलटली होती. वेळेवर जेवण, दरमहा पगार आणि पुढे अमरीश कुमार यांच्यासारखा प्रशिक्षक, हे सर्व लाभल्यावर त्या पायांचे चीज झाले.

त्यांची शर्यत तीन हजार मीटरची स्टीपलचेस. वाटेत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळा असा भक्कम की पाय लागला तरी तो पडत नाही, धावणाराच पडतो! गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत मोडला, आणि नंतर स्वतःचेच विक्रम पुनःपुन्हा मोडले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ८ मिनिटे १८.१२ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही ते अंतिम फेरीबाहेर राहिले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद घेतले. या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून दर स्पर्धेत केनियाकडेच जात. ती मालिका खंडित करून आपल्या मांडव्याच्या गड्याने रौप्य घेतले. सुवर्ण हुकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. डोळ्याचे पाते लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण मिळाले, आणि पाच हजार मीटरमध्ये रौप्यही. २०२४ मध्ये पॅरिसला ते ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून अकरावे आले. या शर्यतीत तेथवर पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथे गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

आता एक खाजगी गोष्ट सांगतो. आमच्या घरातील एक मुलगा शाळेत असताना फार छान धावे. त्याने बूट मागितले, तेव्हा “पळून का पोट भरते?” असे मीच त्यास म्हणालो. प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच्या पोटाची व्यवस्था करणे माझ्याच हाती होते, हे त्या वेळी सुचले नाही. त्याने पुन्हा कधी बूट मागितले नाहीत.

आपल्या शिक्षण-निधीतून वह्यापुस्तके आणि शुल्क दिले जाते, ते उचितच आहे. त्याबरोबर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात एका धावणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या दूध-अंड्यांसाठी आणि बुटांसाठी रक्कम धरावी, अशी सूचना मी चिटणीसांकडे लेखी दिली आहे. पहिली वर्गणी माझी असून ती एका जोडी बुटांच्या किमतीइतकी आहे.