सोनं सासूच्या कपाटात, पण मालक कोण?

आपलं जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. लग्न ठरलं की आख्खं घर सराफ बाजारात! माझ्या मावसबहिणीचे दागिनेही तिथलेच. धुळ्याला सासरी गेली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्या कपाटात ठेव, नीट राहतील." आता घटस्फोटाची केस चालू आहे, तर म्हणतात, "कुठले दागिने?"

लग्नात मुलीला मिळालेले दागिने, पैसे हे तिचं स्त्रीधन. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मालकीण तीच. सासरचे फक्त सांभाळणारे. परत दिलं नाही, तर विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात नवऱ्याने बायकोचं सोनं आईकडे ठेवायला दिलं होतं. कोर्टाने त्याला २५ लाख भरायला लावले.

आमचे काका तावातावाने म्हणाले, "मी दिलंय, मीच परत आणतो!" मी म्हटलं, "काका, थांबा." त्याच वर्षी कोर्टाने हेही सांगितलं, की मुलीने अधिकार दिल्याशिवाय बापालाही स्त्रीधन मागता येत नाही.

आता ताई स्वतःच अर्ज करतेय. पुरावा काय? सराफाची बिलं आणि लग्नातले फोटो. तुमचे मोबाईलमध्ये आहेत ना? जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!