मराठी शाळांचे गुरुजी आणि हातातले यंत्र

(बेळगाव येथे सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकांच्या सभेत बँकेतल्या कारकुनाचे काय काम, असे आपल्याला वाटले असेल. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खडू आम्ही कधी हातात धरला नाही. पण यंत्राची भीती म्हणजे काय, हे आम्हा बँकवाल्यांनी आपल्याआधी अनुभवले आहे. ते सांगावे म्हणून उभे आहोत.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शाखेत लेजरची जाडजूड पुस्तके होती. बॅलन्सिंग जुळेना म्हणून चार पैशांसाठी रात्री नऊपर्यंत बसावे लागे. मग कोअर बँकिंग आले. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. मोठ्या गावातून आलेला मुलगा भराभर इंग्रजीत बोलला, जाडे पुस्तक देऊन निघून गेला. तिसऱ्या दिवशी काउंटरवर रांग आणि आमचे हात थरथरत होते. पस्तीस वर्षे बिनचूक बेरजा मारणारे आमचे हेड कॅशियर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला बसले होते.

त्यांना कोणी वाचवले? त्या जाड्या पुस्तकाने नव्हे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी रोज काम संपल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसू लागला. माउस मात्र त्याने स्वतः कधी धरला नाही. एकदा त्यांच्या हातून साडेचार हजारांचे पंचेचाळीस हजार झाले. साहेबांनी एंट्री फिरवली आणि म्हणाले, "चूक झाली तर दुरुस्त होते, घाबरू नका." त्या दिवसापासून त्यांचा हात मोकळा झाला. यंत्र शिकायला हुशारी कमी लागते. शेजारी बसणारा माणूस आणि चुकायची मुभा जास्त लागते.

आता दुसरी गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या. जूनच्या सुमारास आम्हाला पहिलीत शिकवलेल्या बाई काउंटरपुढे उभ्या. सेवेची दोनच वर्षे राहिलेली. पैसे काढून झाले तरी त्या हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "अरे, वर्गात चाळीस पोरांपुढं कधी घाबरले नाही, पण ह्या फोनचं बटण दाबताना हात कापतो. नातवंडं हसतात. तू हसणार नाहीस म्हणून आले." ज्या बाईंनी आमचे बोट धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतला, त्यांचे बोट आम्ही फोनवर ठेवले. चार दुपारी त्या बसल्या. फोटो काढणे, आवाज मुद्रित करणे, पाठवणे, एवढेच शिकल्या. समोरासमोरचा ऑनलाइन वर्ग त्यांनी घेतला नाही, कारण त्यांच्या मुलांच्या घरी एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर. म्हणून त्या धडा वाचून आवाज पाठवत. बाप रात्री घरी आला की पोर ऐके. कोणते साधन कोणाला पोचते, हे त्या अनुभवी बाईंना कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा नीट कळले. मंडळी, शिकवणे त्यांना येतच होते. कमी होती ती फक्त चार दुपारांची.

आता कामाचे बोलू. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पुस्तकाला असे कोड जोडण्याचे काम केले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. एका खेड्यातल्या मराठी शाळेचा मास्तर तो. तेव्हा 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे' असे कोणी म्हणू नये.

शाळेत रेंज नसते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय असा की धडा घरी किंवा गावात जिथे रेंज मिळते तिथे उतरवून ठेवावा आणि वर्गात तसाच दाखवावा. प्रश्नपत्रिकांचा घोळही आपल्याला माहीत आहे. एका संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली दुसऱ्यावर उघडली की नुसती रांगोळी दिसते. यापुढे प्रत्येक अक्षर युनिकोडमध्येच लिहा. ते कोणत्याही संगणकावर आणि फोनवर तसेच दिसते. फोनच्या कीबोर्डवर भाषा निवडताना हिंदी नव्हे, मराठी निवडा. नाहीतर 'पाणी' लिहिताना तो 'पानी' सुचवतो आणि आपले पोर तेच शुद्ध समजते.

एक सावधगिरी. यंत्र आले म्हणजे शिकवणे सुधारले, असे होत नाही. किती तरी शाळांत देणगीतून आलेला प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद आहे. बिघडला तर भरपाई कोण देणार म्हणून. आणि गुरुजींचा फोन चालतो तो धड्यासाठी कमी आणि वरून मागवलेली माहिती भरण्यासाठी जास्त. पाटी, फळा आणि पाठांतर सोडा असे आमचे म्हणणे नाही. फळ्यावर जे दाखवता येत नाही, हृदयाचे ठोके, ग्रहण, समुद्राची भरती, तेवढ्यासाठी पडदा वापरा.

आता जे बोलायला हवे ते बोलतो. आमच्या शिक्षक मित्रांनी सांगितले की त्यांना मिळालेले प्रशिक्षण कन्नड आणि इंग्रजीतून झाले. कन्नडशी आमचे वैर नाही. बँकेत रोज आम्ही कन्नड बोलतो. पण मराठीतून शिकवणाऱ्याला मराठीतून प्रशिक्षण मिळावे, ही मागणी अवाजवी कशी? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० (क) सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी राज्याने पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा. तेव्हा सोय म्हणजे खोली, फळा आणि मास्तर. आज मराठीतले डिजिटल साहित्य आणि ते वापरण्याचे मराठीतले प्रशिक्षण हीसुद्धा सोयच आहे. हे निवेदन आपण लेखी द्यायचे, पोच घ्यायची आणि पाठपुरावा करायचा.

पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत वर्ग थांबत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. तेव्हा पहिलीत असलेली मुले केव्हाच शाळा संपवून बाहेर पडली. निकालाची वाट पाहताना पहिलीचा वर्गच रिकामा झाला, तर उद्या लढायचे कोणासाठी? पालक इंग्रजी शाळेकडे का जातो? तिथे 'स्मार्ट क्लास'ची पाटी असते म्हणून. त्या पाटीमागे काय आहे ते तो पाहत नाही, पण आपल्याकडे काय नाही ते त्याला लगेच दिसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. महिन्यातले दोन रविवार, एका शाळेत, दोन तास. बँकेतले, टपाल खात्यातले, संगणक शिकलेले आपले तरुण येतील. एका शिक्षकाजवळ एक जण बसेल. व्याख्यान नाही, प्रमाणपत्र नाही. शिक्षकांनी पुढच्या आठवड्याचा धडा घेऊन यायचा आणि तो तयार करूनच उठायचे. कोणी हसायचे नाही, आणि यंत्र शिक्षकांच्याच हातात राहील.

नाव नोंदवायला आम्ही दाराजवळ वही घेऊन बसतो. वही कागदाचीच आहे, घाबरू नका!

जय हिंद, जय महाराष्ट्र!