गाडी ठळक, मागचं पुसट

गटाच्या या कार्यक्रमात आपण लोणच्याच्या बरण्यांवर बोललो, कर्जाच्या वहीवर बोललो. आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या फोटोवर. हसू नका. आमच्या गटाने भाजीपाला वाहायची जुनी पिकअप यंदा विकायला काढली आहे. जे पैसे येतील त्यातून नव्या गाडीची पहिली रक्कम भरायची आहे. गिऱ्हाईक आधी मोबाइलवर फोटो बघतं आणि मगच फोन करतं. म्हणजे फोटो हेच आपलं दुकान, आणि दुकान नीट मांडायला हवं.

गावातल्या गाडीच्या फोटोत बहुतेक वेळा काय दिसतं? मागे कांदाचाळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, विजेचा खांब, शेणाचा ढीग. गाडीइतकंच हे सगळंही ठळक. बघणाऱ्याची नजर कुठे थांबावी तेच कळत नाही. जाहिरातीतल्या गाड्या बघा. गाडी लख्ख, आणि मागची झाडं-डोंगर मऊ, पुसट. नजर सरळ गाडीवर जाते. हे आपल्यालाही जमतं. मात्र ते खरं वाटलं पाहिजे, कात्रीने कापून चिकटवल्यासारखं नाही.

आधी हे पुसट होणं म्हणजे काय ते समजून घेऊ. सुईत दोरा ओवताना तुमची नजर सुईच्या भोकावर असते. तेव्हा मागची चूल, मागचं दार धूसर होतं. सुई डोळ्याजवळ आणि दार लांब, म्हणून. कॅमेऱ्याचंही तसंच. ज्या वस्तूवर नजर धरली ती जवळ, आणि मागचं लांब, तर मागचं पुसट. दुसरी गोष्ट म्हणजे भिंगाचं तोंड. ते जितकं मोठं, तितकं मागचं जास्त पुसट. फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं की दहा रुपयांच्या नाण्याएवढंही होऊ शकतं. आपल्या मोबाइलचं असतं साधारण मुगाच्या दाण्याएवढं. म्हणून मोबाइलमध्ये फूल अगदी जवळून काढलं तर मागचं छान पुसट होतं, पण गाडीसाठी पाच-सहा पावलं मागे गेलं की सगळं पुन्हा ठळक होतं.

यावर मोबाइल कंपन्यांनी तोडगा काढला, तो पोर्ट्रेट मोड. 2016 च्या सुमारास तो लोकांच्या हातात आला. यात मोबाइल अंदाज बांधतो की काय जवळ आहे आणि काय लांब, आणि लांबचं स्वतःच पुसट करतो. म्हणजे हे भिंगाने केलेलं नाही, हिशोबाने केलेलं आहे. आणि हिशोब चुकू शकतो, हे गटाच्या वहीवरून आपल्याला पक्कं ठाऊक आहे. हा मोड मुळात माणसाच्या चेहऱ्यासाठी बनवलेला. गाडीला आरसे, काचा, एरियल, टपावरचं कॅरिअर. तिथेच तो फसतो.

म्हणून पहिलं काम मोबाइलवर सोडू नका, जागेवर करा. गाडी भिंतीला किंवा कुंपणाला लावून उभी करू नका. मोकळ्या शिवारात आणा. गाडीच्या मागे निदान पन्नास-साठ पावलं मोकळं असू द्या. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागा आहेत. बागेच्या ओळी लांब जाताना दिसतील अशा बाजूला गाडी उभी केली, तर त्या ओळीच बघणाऱ्याला अंतर दाखवतात. गाडी समोरून थोडी तिरकी ठेवा, म्हणजे तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतात. तुम्ही खाली बसा, मोबाइल हेडलाइटच्या उंचीला धरा. असं केल्याने मागची जमीन कमी दिसते आणि फसण्याची जागाही कमी होते. मोबाइलला लांबचं दाखवणारी वेगळी काच असेल तर ती वापरा आणि थोडं मागे सरका. नुसतं दोन बोटांनी ताणून मोठं करू नका, त्याने फोटो फुटतो.

वेळ सकाळची किंवा दिवस मावळायच्या आधीची घ्या. दुपारच्या उन्हात पत्रा चमकतो आणि चाकांखाली काळोख पडतो. सावलीची बाजू काळी दिसली तर एका मैत्रिणीला पांढरं धोतर किंवा चादर ताणून धरायला सांगा. त्यावरून उजेड उलटून गाडीवर पडतो.

आता फोटो काढला. लगेच पाठवू नका. मोठा करून पाच ठिकाणी बघा.

एक, बाजूचे आरसे. त्यांची कड अर्धी पुसली गेली आहे का?

दोन, काचा. गाडीच्या काचेतून आरपार मागचं झाड दिसतं. काचेबाहेरचं झाड पुसट आणि काचेतून दिसणारं तेच झाड ठळक, असं झालं की नकलीपणा उघडा पडतो.

तीन, दोन चाकांमधून गाडीखालून दिसणारी जमीन. तिथेही हाच घोटाळा होतो.

चार, चाकांजवळची माती. चाक जिथे टेकतं तिथली माती चाकाइतकीच ठळक हवी, आणि तिथून मागे जाताना हळूहळू पुसट व्हायला हवी, साडीचा रंग पदराकडे फिका होत जावा तशी. चाकाजवळच एकदम पुसट झाली तर गाडी हवेत तरंगल्यासारखी दिसते.

पाच, बारीक वस्तू. एरियल, वायपर, आणि नवी गाडी असेल तर झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची. मोबाइल हाराच्या पाकळ्या खाऊन टाकतो. दसऱ्याला पूजेच्या गाडीचा फोटो काढणार असाल तर साध्या मोडमध्येही एक काढून ठेवा.

फोटो काढल्यावर पुसटपणा कमी-जास्त करायची पट्टी बऱ्याच मोबाइलमध्ये असते. ती शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. ओढू नका. फार पुसट केलं की खरी गाडी खेळण्यातली दिसते. कारण एवढं पुसट फक्त अगदी जवळच्या, लहान वस्तूमागे होतं, आणि आपल्या डोळ्याला ते न शिकवता माहीत असतं. मागे झाड आहे, डोंगर आहे, हे ओळखू आलं पाहिजे. फक्त त्याची पानं मोजता येऊ नयेत.

आपल्या भागाला निसर्गाने एक पोर्ट्रेट मोड फुकट दिला आहे. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे धुकं उतरतं. धुक्यात जवळची गाडी स्पष्ट आणि मागचा डोंगर आपोआप फिका. त्यात मोबाइलची चूक होत नाही. पण घाटाच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढू नका. धुक्यात मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. फोटोपेक्षा जीव मोठा.

कॅमेऱ्याची ही करामत नाशिकला नवी नाही. दादासाहेब फाळके 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं करून टिपलं होतं. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, घरच्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. कॅमेऱ्यामागे बाईचे हात पहिल्यापासून आहेत. आपण फक्त आपली पाळी घेतो आहोत.

आता जरा महत्त्वाचं. पुसट करायचं ते मागचं, गाडीचा दोष नाही. दाराला पोचा आहे, टायर झिजलं आहे, तळाला गंज आहे, तर त्यांचे साध्या मोडमध्ये वेगळे, ठळक फोटो काढा आणि सोबत पाठवा. गिऱ्हाईक लांबून भाडं खर्चून येतं. आल्यावर पोचा दिसला तर भाव पाडतं, आणि गटाचं नाव जातं ते वेगळंच. आमचं ठरलं आहे, एक फोटो देखणा आणि बाकीचे खरे. देखण्या फोटोने फोन येतो, खऱ्या फोटोंनी सौदा टिकतो.

आणि मागचं पुसट करण्याचा दुसरा फायदा आपल्या बायकांसाठी मोठा आहे. फोटो कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. मागे आपलं घर, दारावरचं नाव, अंगणात खेळणारी मुलं, न्हाणीघर हे ठळक दिसायला नको. पण पुसटपणावर सगळा भरवसा ठेवू नका, ओळखीचं माणूस पुसट घरही ओळखतं. गाडी घरापासून लांब नेऊन फोटो काढणं सगळ्यात बरं. नंबरपाटी झाकायची असेल तर कापड लावून झाका, आणि गिऱ्हाईकाची खात्री पटल्यावर नंबर द्या.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करून बघा. गाडी नसेल तर सायकल घ्या, नाहीतर पाण्याची घागर घ्या. एक फोटो भिंतीला टेकवून, एक भिंतीपासून पन्नास पावलं पुढे आणून. दोन्ही शेजारी ठेवून गटात दाखवा. फरक कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. आमच्या पिकअपचे फोटोही त्या दिवशी आणतो. त्यात काय खोटं वाटतं ते तुम्ही सांगा, गिऱ्हाईकाने सांगण्याआधी.