रोव्हर्स चषक : १९३७ चा अंतिम सामना

मुंबईतील रोव्हर्स चषक ही १८९१ मध्ये सुरू झालेली फुटबॉल स्पर्धा. तिच्यावर तब्बल साडेचार दशके ब्रिटिश पलटणींचीच सत्ता राहिली. बूट, सराव, कवायतीने कमावलेली ताकद, सारे त्यांच्या बाजूला. १९२३ मध्ये मोहन बागान हा भारतीय संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला हरवले. १९३७ मध्ये मात्र अंतिम सामन्याला एकही गोरी पलटण उरली नव्हती! बंगलोर मुस्लिम्स आणि कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग समोरासमोर आले. मोहम्मेडन १९३४ पासून कलकत्ता लीगचा विजेता, त्यामुळे पारडे त्याचेच जड. तरीही बंगलोरने एकमेव गोलावर चषक जिंकला, आणि पुढच्या वर्षी स्वतःकडेच राखला.