घरबसल्या कामाचे तास कोण मोजणार?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत गटातल्या एका सदस्येच्या मुलीनं केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘मुलींसाठी ऑनलाइन रोजगार’ असा लिहिलाय. ऑनलाइन काम कसं मिळवायचं हे सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. काम मिळाल्यावर त्याचे पैसे पुरते पदरात कसे पाडून घ्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी त्यावरच बोलते.

आधी हे काम म्हणजे काय ते सांगते, कारण आईलासुद्धा सहा महिने वाटत होतं की मी लॅपटॉपवर अभ्यास करते. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. म्हणजे कुणाची तरी मदतनीस, पण त्यांच्या ऑफिसात न जाता. कुणाचा क्लास असतो, कुणाचं कपड्याचं दुकान, कुणाचा दवाखाना. त्यांच्या मेलला उत्तरं द्यायची, भेटीच्या वेळा लावायच्या, बिलं एक्सेलमध्ये भरायची, इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे, ग्राहकाला फोन करायचा. आपण गावात, ते पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात. काम चांगलं आहे. एसटीचं भाडं नाही, खोलीचं भाडं नाही, घरच्यांची परवानगीही लवकर मिळते.

त्या परवानगीतच सगळी गोम आहे. “घरीच तर असते” असं घरचे म्हणतात आणि काम देणाराही तेच म्हणतो.

माझं सांगते. शहरातल्या एका छोट्या कंपनीनं मला महिना ८,००० रुपये ठरवले. रोज चार तास, रविवारी सुट्टी. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर १०४ तास, म्हणजे तासाला ७७ रुपये. गावात बसून हे वाईट नव्हतं. आईनं गटातून ३०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज उचललं आणि लॅपटॉप आला.

दुसऱ्या महिन्यापासून काम वाढत गेलं. आधी फक्त मेल होते, मग व्हॉट्सॲपवरच्या ग्राहकांना उत्तरं आली, मग मालकाच्या बायकोच्या दुकानाची बिलं आली. “पाच मिनिटांचं काम आहे गं,” असं म्हणून. रात्री साडेदहाला मेसेज, रविवारी मेसेज. उत्तराला अर्धा तास उशीर झाला की आवाजी मेसेजमध्ये आरडाओरडा, “तुझ्यासारख्या पन्नास मिळतात”. एकदा गावात दिवसभर वीज नव्हती, तर ५०० रुपये कापले. वीज मी घालवली होती का? आणि पाचव्या महिन्याचे पैसे तर आलेच नाहीत. “बघतो, पुढच्या आठवड्यात.” इकडं आईचा हप्ता थकला. गटाच्या बैठकीत तिला मान खाली घालून बसावं लागलं. त्या बैठकीतल्या बायका आज इथं बसल्यात, त्यांना आठवत असेल.

मी मात्र पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. आई तुमच्या गटाचे लेखे लिहिते, ती सवय घरातच होती. कधी बसले, कधी उठले, काय केलं, एका ओळीत. त्या वहीत पाचव्या महिन्याचे २७० तास भरले. रोजचे नऊ, तीसही दिवस. ८,००० ला २७० नं भागा. तासाला ३० रुपयेसुद्धा पडत नाहीत. दिवसाचे झाले २६७ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे लॅपटॉप माझा, वीज माझी, इंटरनेट माझं, इंग्रजी माझं, आणि मजुरी खड्डे खणणाऱ्या बाईपेक्षा कमी. खड्डे खणण्याला मी हलकं म्हणत नाही हां. तिथं निदान हजेरीपट असतो.

घरात बसून दुसऱ्याचं काम करणं आपल्याला नवीन नाही. सिन्नरला, सोलापूरला बायका वर्षानुवर्षं घरात विड्या वळत आल्यात. हजारावर मजुरी, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं नुकसान वळणारीचं. पण त्या एकत्र आल्या, भांडल्या. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी बसून वळणारी बाईही त्यात कामगार धरली गेली. लॅपटॉपवाल्या आम्ही मुली अजून त्याच्या अलीकडेच आहोत. आम्हाला ‘फ्रीलान्सर’ म्हणतात, म्हणजे नोकर नाही. नोकर नाही म्हणून किमान वेतन लागू नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात गिग कामगार हा शब्द आहे आणि त्यांच्यासाठी कल्याणकारी योजनांची तरतूद आहे. तासाला किती द्यायचे, हे तिच्यात नाही.

मग हातात काय उरतं? एक गोष्ट फार कामाची आहे आणि ती आमच्या क्लासमध्ये कुणी शिकवली नव्हती. उद्यम नोंदणी. आपल्याला वाटतं ती पापड-मसाल्यांच्या उद्योगालाच लागते. तसं नाही. सेवा देणारी एकटी मुलगीसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारा एजंट असेल तर उठून या. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा असं सांगतो की अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची ठेवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढं उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. देणारा टाळत असेल तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ती सुविधा परिषदेपुढं जाते. फक्त नोंदणी काम घेण्याच्या आधीची पाहिजे. भांडण झाल्यावर धावपळ करून केलेली नोंदणी जुन्या पैशाला उपयोगी पडत नाही.

हे भारतातल्या ग्राहकाला लागू. परदेशातला ग्राहक असेल तर तिथं आपला हात पोचत नाही. तिथं निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, नाहीतर जिथं ग्राहकाचे पैसे आधी जमा होतात अशा साईटवरूनच काम करायचं. साईटही आपला वाटा घेते. फायव्हरवर कामाच्या रकमेतले २० टक्के जातात, १०० ला ८० हातात. दर सांगताना ते धरूनच सांगायचा.

माझ्या थकलेल्या पैशाचं काय झालं? मी भांडले नाही, फोनही केला नाही. एक मेल लिहिला. सोबत वहीतले तास तारखेनिशी जोडले, ठरलेलं काम काय आणि जास्तीचं काय ते वेगळं लिहिलं, त्यांचेच रात्रीचे मेसेज जोडले, आणि सात दिवसांची मुदत टाकली. नवव्या दिवशी ८,००० आले. कापलेले ५०० आणि जास्तीच्या तासांचं काही मिळालं नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज बघितला आणि मी काम सोडलं. आता तालुक्यातल्या आम्ही चौघीजणी एकमेकींना दर विचारूनच सांगतो. एकीनं नाकारलेलं काम दुसरी कमी पैशात घेत नाही. हे आम्ही तुमच्याकडंच बघून शिकलो.

शिव्या, घाणेरडं बोलणं, रात्री व्हिडिओ कॉलचा हट्ट, याबद्दल मुली घरात सांगत नाहीत. सांगितलं तर घरचे कामच बंद करतील ही भीती. म्हणून तुम्हाला सांगते, मुलीला विचारा आणि विचारताना लॅपटॉप बंद करायची धमकी देऊ नका. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आणि तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी सांगितलाय. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती या समितीकडंच जाते. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

आणि जिथं काम देण्याआधीच पैसे मागतात, नोंदणीचे म्हणा, किटचे म्हणा, ते काम नव्हेच. डेटा एन्ट्रीच्या नावानं एक धंदा चालतो. टायपिंग करून घेतात, चुका दाखवतात, मग ‘करार मोडला’ म्हणून वकिलाची, कोर्टाची खोटी नोटीस मोबाईलवर पाठवतात. घाबरून मुली पैसे भरतात. भरू नका. १९३० वर फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे.

शेवटी गटाबद्दल. लॅपटॉपसाठी कर्ज मागायला कुणी आली तर नाही म्हणू नका. शेळीसाठी देताना आपण चारा कुठला, गोठा कुठं हे विचारतो ना? तसंच हिलाही विचारा. काम कुणाचं, तास किती, पैसे कोणत्या तारखेला, जास्तीच्या कामाचं काय, आणि हे सगळं मेलवर लेखी आलंय का. लेखी आलं नसेल तर एवढी एक ओळ पाठवायला सांगा, “आपलं असं ठरलं, बरोबर ना?” समोरच्याचं ‘हो’ आलं की तेही लिहिलेलंच झालं. त्याची प्रत गटाच्या कागदात लावा.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. ज्यांच्या मुली, सुना असं काम करतात त्यांनी त्यांना घेऊन या. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत असू द्या, म्हणजे ओटीपी येईल. उद्यमचं आजच करून टाकू.